नायसियाची धर्मसभा आणि आपली न्याय्य साक्ष





आपल्यापैकी अनेकांचे शेजारी, सहाध्यायी किंवा कामावरचे सोबती ख्रिस्ती आहेत. वसई असो, मुंबई असो, अहिल्यानगर असो की गोवा, कधी ना कधी श्रद्धेविषयी बोलणे निघतेच. अशा वेळी आपल्या तरुणांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "येशूला देव ठरवले ते एका रोमन सम्राटाने, सभेत मते मोजून. बायबलही त्याच सभेत निवडले." समोरचा मित्र थोडा अभ्यासू असेल तर तो शांतपणे विचारतो, "हे कुठे लिहिले आहे?" आणि आपल्यापाशी उत्तर नसते. एकेश्वरत्वाची भूमिका भक्कम असते, परंतु ऐकीव गोष्टीच्या आधारावर उभी केल्यामुळे तीच डळमळीत भासू लागते.

दिव्य कुरआनने या बाबतीत आपल्याला मोकळे सोडलेले नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, एखाद्या समुदायाविषयीच्या वैरामुळेही न्यायाची कास सोडू नका. वैर असताना ही अट आहे, तर शेजारधर्म पाळणाऱ्या माणसाशी मतभेद असताना ती किती अधिक लागू होते! सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय या सर्वांचा जाब द्यावा लागणार आहे, अशी ताकीद आहे. दुसऱ्याची श्रद्धा काय आहे हे सांगणे ही एक साक्षच होय, आणि साक्ष खरी असावी लागते.

म्हणून या पाठात आपण इ.स. ३२५ मधील नायसियाच्या धर्मसभेचा अभ्यास करू. तेथे काय घडले, काय घडले नाही, आणि त्यातून आपण स्वतःसाठी काय शिकावे, एवढेच पाहू.

मतभेदाचा नेमका बिंदू

प्रथम आपली श्रद्धा स्पष्ट असू द्या. हजरत ईसा (अ.) यांच्यावर श्रद्धा ठेवल्याखेरीज कोणी मुस्लिम होऊ शकत नाही. कुमारी मातेच्या पोटी त्यांचा जन्म, अल्लाहच्या अनुज्ञेने त्यांच्या हातून घडलेले चमत्कार, त्यांना बहाल झालेली इंजील, हे सर्व आपण मानतो. त्यांच्या मातेच्या, हजरत मरयम (अ.) यांच्या नावाने कुरआनात एक संपूर्ण अध्याय आहे आणि कुरआनात नावानिशी उल्लेख झालेल्या त्या एकमेव महिला आहेत. सूरह निसाच्या १७१व्या आयतीत हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे प्रेषित, त्याचा शब्द आणि त्याच्याकडील आत्मा म्हटले आहे, त्याच आयतीत ग्रंथधारकांना धर्मात अतिरेक करू नका आणि 'तीन' म्हणू नका, असे बजावले आहे.

ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा अशी की, देव एकच आहे. मात्र त्या एका देवत्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत. यालाच ते त्रैक्य म्हणतात. ते स्वतःला तीन देवांचे उपासक मानत नाहीत. आपण त्यांचे हे स्पष्टीकरण स्वीकारत नाही, तरीही ते काय म्हणतात हे सांगताना त्यांचे म्हणणे जसेच्या तसे सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे.

ग्रंथाच्या बाबतीतही असाच एक गैरसमज असतो. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिली गेली. ती हजरत ईसा (अ.) यांच्यावर अवतरलेली वचने आहेत, असा दावा ख्रिस्ती बांधवही करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने मानवांनी लिहिलेली वृत्ते आहेत. आपल्या श्रद्धेत दिव्य प्रकटनाचे जे स्थान कुरआनला आहे, ते स्थान त्यांच्या श्रद्धेत बायबलपेक्षाही ख्रिस्ताच्या व्यक्तित्वाला आहे. हे ध्यानात आले की, संभाषणातील निम्मा गोंधळ आपोआप दूर होतो.

वाद कसा उभा राहिला

चौथ्या शतकाच्या प्रारंभी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया हे विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे अरियस नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अनादी असा केवळ पिताच आहे. पुत्राला पित्याने निर्माण केले. म्हणजे पुत्राला आरंभ आहे. त्याचे बिशप अलेक्झांडर यांना हे मान्य नव्हते. पिता अनादी असेल तर त्याचा पुत्रही अनादीच असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद पाठशाळेत राहिला नाही. अरियसने आपली मते पद्यातही मांडली आणि बघता बघता पूर्वेकडील अनेक शहरांतील चर्चमध्ये दोन तट पडले.

याच काळात राजकीय परिस्थिती पालटली होती. इ.स. ३०३ पासून रोमन साम्राज्याने ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ चालवला होता. चर्च पाडली गेली, ग्रंथ जाळले गेले. इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या दोन सम्राटांनी ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले. इ.स. ३२४ मध्ये लिसिनियसचा पराभव करून कॉन्स्टंटाईन संपूर्ण साम्राज्याचा एकमेव सम्राट झाला. राज्य एक झाले, परंतु ज्या धर्माला त्याने आश्रय दिला तो आतून दुभंगलेला होता. हा कलह मिटावा म्हणून त्याने बिशपांची सभा बोलावली.

इ.स. ३२५ : सभेत काय घडले

सभेचे स्थळ होते नायसिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील तळ्याकाठचे इझनिक. बिशपांच्या प्रवासाची व्यवस्था शासकीय खर्चाने करण्यात आली. उपस्थितांचा आकडा परंपरेने ३१८ सांगितला जातो; समकालीन लेखकांच्या नोंदी २५० ते ३०० च्या दरम्यान आहेत. बहुतेक जण पूर्वेकडील होते. रोमचे बिशप स्वतः आले नाहीत, त्यांनी दोन प्रतिनिधी पाठवले. ज्यांनी कालपरवापर्यंत शासनाचा छळ सोसला होता, तेच आता सम्राटाच्या सभागृहात सन्मानाने बसले होते. स्वतः सम्राटाचा मात्र अद्याप बाप्तिस्मा झालेला नव्हता.

चर्चेअंती एक श्रद्धाघोषणा तयार झाली. तिच्यात पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असा अर्थ असलेला 'होमोऊसिओस' हा ग्रीक शब्द घालण्यात आला. हा शब्द बायबलमध्ये नाही आणि हे त्या वेळच्या पंडितांनाही ठाऊक होते. शब्द नसला तरी आशय ग्रंथातलाच आहे, असे त्याचे समर्थक म्हणत. घोषणेने पुत्राला निर्मितीच्या कोटीतून बाहेर काढले आणि पित्यापासून त्याचे जनन मान्य केले. अखेरपर्यंत सही न करणारे बिशप दोनच उरले. अरियससह त्यांना हद्दपार करण्यात आले आणि अरियसचे लेखन जाळण्याचे फर्मान निघाले.

येथे वाचकाने सूरह इख्लास आठवावी. चार लहान आयतींच्या या अध्यायात अल्लाहविषयी जननाची कल्पना दोन्ही बाजूंनी नाकारली आहे. तो जनकही नाही आणि जन्मलेलाही नाही. आपल्यात आणि नायसियाच्या घोषणेत खरा भेद येथे आहे. तो लहान मूलही समजू शकेल इतका स्वच्छ आहे. त्याला कल्पित कथांचा टेकू देण्याची गरज नाही.

काय घडले नाही

आता आपल्या समाजात प्रचलित असलेल्या चार समजुती तपासू.

पहिली समजूत : बायबलमधील ग्रंथांची निवड नायसियात झाली. या सभेचे २० नियम आज उपलब्ध आहेत आणि त्यांत असा निर्णय नाही. चारच शुभवर्तमाने प्रमाण आहेत, असा युक्तिवाद लियाँचे बिशप इरिनियस यांनी इ.स. १८० च्या सुमारासच केला होता. दुसरीकडे, आजच्या नव्या करारातील नेमक्या २७ पुस्तकांची यादी आपल्याला प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. म्हणजे ही निवड एका सभेत झाली नाही, ती दीर्घकाळ होत राहिली.

दुसरी समजूत : हजरत ईसा (अ.) यांच्या देवत्वाची कल्पना तेथेच प्रथम निघाली. रोमन अधिकारी प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास आपल्या सम्राटाला कळवले होते की, ख्रिस्ती लोक पहाटे एकत्र जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. हा प्लिनी ज्या बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत होता, त्याच प्रांतात नायसिया आहे! सभेच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे. नायसियातील वाद, पुत्र कोणत्या अर्थाने दैवी आहे, याविषयीचा होता.

तिसरी समजूत : अरियस आपल्यासारखा शुद्ध एकेश्वरवादी होता. त्याने पुत्राला निर्मित म्हटले, एवढ्यापुरते साम्य आहे. परंतु त्याच्या मते हा पुत्र विश्वाच्या आधीपासून अस्तित्वात होता, त्याच्याच द्वारे विश्व निर्माण झाले आणि त्याची भक्तीही योग्य होती. कुरआनने सांगितलेले मरयमपुत्र ईसा (अ.), जे अल्लाहचे दास आणि प्रेषित आहेत, ते हे नव्हेत. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सम्राट हिरॅक्लियसला पाठवलेल्या पत्रात 'अरीसिय्यीन' असा शब्द आहे. बहुतेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ शेतकरी, म्हणजे सामान्य प्रजा असा घेतला आहे; काहींनी तो एका पंथाशी जोडला आहे. ज्याविषयी विद्वानांत मतभेद आहे, त्याच्या बळावर अरियसला आपला पूर्वज ठरवणे योग्य नाही.

चौथी समजूत : त्रैक्य म्हणजे पिता, माता आणि पुत्र. कोणत्याही मोठ्या चर्चची ही श्रद्धा नाही. सूरह माइदाच्या ११६व्या आयतीत हजरत ईसा (अ.) आणि त्यांच्या मातेला उपास्य बनवण्याचा निषेध आहे, ती त्रैक्याची व्याख्या नाही. इ.स. ४३१ च्या इफिससच्या धर्मसभेने हजरत मरयम (अ.) यांना 'देवमाता' ही उपाधी मान्य केली आणि त्यांच्याकडे प्रार्थना करण्याची प्रथा रुजत गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे आयतीचा रोख कळतो.

मग आपल्या बाजूने काय उरते? पुष्कळ उरते. मार्कच्या शुभवर्तमानातही सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नाला हजरत ईसा (अ.) ईश्वराच्या एकत्वानेच उत्तर देतात, ते ईश्वराची प्रार्थना करताना दिसतात. त्यांच्यानंतर तीनशे वर्षांनी त्यांच्या स्वरूपाविषयी एवढा वाद व्हावा आणि तो मिटवण्यासाठी ग्रंथाबाहेरचा शब्द आणावा लागावा, हा प्रश्न आपण नम्रपणे मांडू शकतो. तो खरा असल्यामुळे ऐकणाराही त्यावर विचार करील.

सत्तेच्या सावलीत श्रद्धा

सभेने वाद मिटला नाही. सम्राटांची मर्जी फिरेल तसे बिशप हद्दपार होत आणि परत येत. नायसियाच्या घोषणेचे सर्वांत मोठे समर्थक अथनासियस यांना पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. त्यांच्या आयुष्यातील सुमारे १७ वर्षे त्यात गेली. इ.स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाईनने बाप्तिस्मा घेतला तो अरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा पुत्र कॉन्स्टँटियस तर उघडपणे नायसियाविरोधी गटाचा पाठीराखा होता. अखेर इ.स. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने नायसियाच्या श्रद्धेला राजमान्यता दिली आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्तारून घोषणा जवळपास आजच्या स्वरूपात आली. अवघ्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्या नावाने आता भिन्न मताच्या लोकांना शिक्षा होऊ लागल्या.

हे वाचताना आपल्या मनात श्रेष्ठतेची भावना डोकावत असेल तर थोडे थांबू या. इ.स. ८३३ मध्ये अब्बासी खलीफा मामूनने कुरआन निर्मित आहे, हे मत शासकीय बळाने लादण्यास प्रारंभ केला. काझी आणि विद्वान यांची चौकशी झाली. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी नकार दिला, त्यांना तुरुंगवास झाला आणि पुढच्या खलिफाच्या काळात फटके खावे लागले. धर्मात जबरदस्ती नाही, हे सूरह बकरातील शब्द ज्या समुदायाच्या मुखी होते, त्याच समुदायात हे घडले. सत्ता जेव्हा श्रद्धेचा न्यायनिवाडा करू लागते, तेव्हा कोणताही समाज या परीक्षेतून सुटत नाही.

आणखी एक आरसा आपल्यासमोर आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी ताकीद दिली होती की, मरयमपुत्राच्या स्तुतीत लोकांनी जसा अतिरेक केला, तसा माझ्या बाबतीत करू नका, मी अल्लाहचा दास आणि प्रेषित आहे. अतिरेकाचा आरंभ द्वेषातून होत नाही, तो प्रेमातून होतो. म्हणूनच ही ताकीद प्रेम करणाऱ्यांना आहे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नायसिया

या सभेचा ठसा आपल्या घरातही आहे. गुड फ्रायडेची सुट्टी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते? ईस्टरचा सण यहुदी गणनेवर विसंबून न राहता सर्व चर्चनी एकाच रविवारी पाळावा, असे नायसियात ठरले. त्यानंतर वसंतसंपात आणि पौर्णिमा यांवर आधारलेली गणना रूढ झाली. रविवारच्या विश्रांतीचा पहिला राजकीय आदेशही कॉन्स्टंटाईनचाच, इ.स. ३२१ चा. ही प्रथा युरोपातून इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. मात्र मुंबईच्या गिरणी कामगारांना ती आयती मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली लढा देऊन १८९० मध्ये त्यांनी रविवारची सुट्टी मिळवली. एका समाजाची धार्मिक प्रथा दुसऱ्या समाजाच्या श्रमिकांचा हक्क बनते, असे इतिहासात घडत असते.

हबशाचा दरबार

आता या पाठातील सर्वांत हृद्य दुवा पाहू. चौथ्या शतकात लाल समुद्राकाठी दोन सिरियन मुले पकडली गेली आणि अक्सुमच्या, म्हणजे हबशाच्या राजदरबारात वाढली. त्यांपैकी फ्रुमेन्टियस पुढे अलेक्झांड्रियाला गेला आणि त्या देशासाठी बिशप मागू लागला. तेथील बिशपांनी त्यालाच बिशप नेमून परत पाठवले. ते बिशप म्हणजे नायसियाचे खंदे समर्थक अथनासियस! राजा एझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवरील चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला.

सुमारे पावणेतीनशे वर्षांनंतर, इ.स. ६१५ च्या सुमारास, मक्केतील छळाने त्रस्त झालेल्या मुस्लिमांना प्रेषितांनी (स.) याच देशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथील राजाच्या राज्यात कोणावर अन्याय होत नसे. कुरैशांनी नजराणे देऊन दूत पाठवले आणि आश्रितांना परत मागितले. नजाशीने एकतर्फी निर्णय दिला नाही. त्याने दुसरी बाजू ऐकली. हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) यांनी भर दरबारात सूरह मरयममधील आयतींचे पठण केले. राजा रडला, धर्मगुरूही रडले. दुसऱ्या दिवशी दूतांनी मुद्दाम विचारायला लावले की, हे लोक ईसांविषयी काय म्हणतात. हजरत जाफर (रजि.) यांनी आश्रयासाठी शब्द फिरवला नाही, ते अल्लाहचे दास आणि प्रेषित आहेत, असेच सांगितले. नजाशीने नजराणे परत केले आणि आश्रितांना अभय दिले. पुढे नजाशीने इस्लाम स्वीकारला आणि त्याच्या मृत्यूची वार्ता सांगून प्रेषितांनी (स.) त्याच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली, असे सहीह हदीसमध्ये आहे.

विचार करा. आपल्या पहिल्या स्थलांतरितांना आश्रय मिळाला तो अरियसच्या अनुयायांकडे नव्हे; ज्या देशाच्या चर्चची पायाभरणी अथनासियसच्या बिशपाने केली होती, तेथे मिळाला. मतभेद कायम होता, तो लपवला गेला नाही, आणि तरीही न्याय झाला. सूरह माइदाच्या ८२व्या आयतीत ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांना श्रद्धावंतांच्या स्नेहाच्या दृष्टीने अधिक जवळचे म्हटले आहे. त्यांच्यात विद्वान व संन्यासी आहेत आणि ते अहंकार करत नाहीत, हे त्याचे कारण दिले आहे.

या पाठातून काय शिकावे

१. कोणाची श्रद्धा सांगताना, ती ऐकून त्याने "होय, आम्ही असेच मानतो" म्हणावे, इतकी अचूक सांगावी. त्यानंतर आपला मतभेद मांडावा.

२. सूरह अन्कबूतच्या ४६व्या आयतीनुसार ग्रंथधारकांशी चर्चा उत्तम रीतीनेच करावी. खोटा पुरावा ही उत्तम रीत होऊ शकत नाही.

३. त्यांच्या ग्रंथातील जी गोष्ट कुरआनच्या कसोटीवर खरी वा खोटी ठरत नाही, तिला खरेही म्हणू नये आणि खोटेही म्हणू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

४. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी सूरह हुजुरातची सहावी आयत आठवावी. बातमीची शहानिशा करण्याचा आदेश धर्मचर्चेलाही लागू आहे.

५. मुलांना सूरह मरयम अर्थासह शिकवावी. शेजारच्या ख्रिस्ती घरातील मुलाला जेव्हा कळेल की, आपला मित्र हजरत ईसा (अ.) आणि त्यांच्या मातेचे नाव आदराने घेतो, तेव्हा संभाषणाचे दार उघडेल.

अल्लाह आपल्याला सत्य जाणण्याची, ते सौजन्याने सांगण्याची आणि ज्यांच्याशी आपले मत जुळत नाही त्यांच्याविषयीही न्यायाने साक्ष देण्याची सुबुद्धी देवो. आमीन.